पन्नास पेन्सची चांदी

इंग्लंडातल्या मॉल्व्हर्न या डोंगरातल्या गावाहून बर्मिंगहॅमला परतताना गाडीत मी तो चमचा तीनदा पर्समधून काढून पाहिला. तिसऱ्यांदा नवऱ्याने पुस्तकातून मान वर न काढताच विचारलं, "आहे ना जागेवर?" आहे म्हटलं आणि पर्सची चेन ओढून घेतली. ड्रॉइटविच गेलं, ब्रॉम्सग्रोव्ह गेलं. नोव्हेंबरातला शनिवार, पाचच्या आत अंधार पडलेला, खिडकीच्या काचेत बाहेरचं काही दिसेना, माझंच तोंड दिसत होतं. एखाद्याची 'चांदी झाली' असं आपण म्हणतो, तशी त्या दिवशी माझी अक्षरशः झाली होती. तरी काचेतल्या बाईच्या चेहऱ्यावर आनंद म्हणावा असं काही नव्हतं.

त्याचं असं झालं. त्या गावातल्या एका चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे लोकांनी दान दिलेल्या जुन्या वस्तू चांगल्या कामासाठी विकणाऱ्या दुकानात, गल्ल्याशेजारी, एक वेताची टोपली होती. तिच्यात सुटे काटे, सुटे चमचे, एक चीज कापायची तार, मुठी नसलेल्या दोन सुऱ्या, आणि वर पुठ्ठ्यावर हाताने लिहिलेलं, 'कोणतंही घ्या, ५० पेन्स'. अशा टोपलीत हात घातल्याशिवाय मी पुढे जात नाही. चमचा हाताला लागला तेव्हाच कळलं. चांदीचं वजन स्टीलपेक्षा वेगळं लागतं, आणि ती हाताची ऊब पटकन घेते. लहानसा, चहाचा, काळवंडलेला, दांड्यावर पुढून कोरलेलं वळणदार 'एम' अक्षर. उलटा केला. दांड्याच्या पाठीवर मुंगीएवढाले चार ठसे. पहिला कारागिराचा, वाचता न येणारा. मग जहाजाचा नांगर. मग एक पंजा उचलून चालणारा सिंह. मग सालाचं अक्षर, झिजलेलं. सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. इंग्लंडच्या बरोबर पोटात असलेल्या, समुद्राचं पाणीही न पाहिलेल्या या गावाला नांगर कुठून मिळाला, त्याची एक मजेदार आख्यायिका आहे. १७७३ साली बर्मिंगहॅम आणि शेफील्ड या दोन गावांना चांदी पारखून शिक्का मारायचा हक्क मिळाला. त्यासाठीची खलबतं म्हणे लंडनच्या 'क्राउन अँड अँकर' नावाच्या खानावळीत चालली होती, आणि कोणी काय घ्यायचं ते नाणं उडवून ठरलं. शेफील्डला मुकुट, आम्हाला नांगर. आम्हाला म्हणजे बर्मिंगहॅमला. बारा वर्षं राहिल्यावर एवढं म्हणायला हरकत नसावी. हे सगळं मी एका पावसाळी रविवारी ज्वेलरी क्वार्टरमधल्या म्युझियममध्ये शिकले होते, आणि तेव्हापासून दिसेल त्या चमच्याची पाठ बघायची खोड लागली होती. शेकडो पाठी पाहिल्या. सगळ्या ई.पी.एन.एस., म्हणजे वरून चांदीचा मुलामा दिलेल्या. हा पहिला खरा.

गल्ल्यावर एक आजोबा होते. फुलपाखरी टाय, कानात यंत्र, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांनी चमचा हातात घेतला, प्रेमाने पुसला, टिश्यूत गुंडाळला आणि म्हणाले, "एकच? एकट्याला करमायचं नाही हं त्याला." मी हसले. एक पौंड दिला, त्यांनी पन्नास पेन्सचं सप्तकोनी नाणं परत दिलं. दुकान गावातल्याच एका हॉस्पिससाठी, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणाऱ्या संस्थेसाठी चालतं, हे दारावरच लिहिलं होतं.

मी काही बोलले नाही.

मागे रांग होती, त्यांना कमी ऐकू येत होतं, आमच्या गाडीला वीसच मिनिटं होती. ही तिन्ही कारणं मी स्टेशनापर्यंत चालता चालता तयार केली. तिन्ही खरी होती.

मी मुळात या दुकानांत पहिल्यांदा शिरले ती थंडीमुळे. इथला पहिला हिवाळा, एकच पगार, आणि पुण्याहून आणलेला स्वेटर इथल्या वाऱ्यात जाळीसारखा. शेजारणीने किंग्ज हीथच्या हाय स्ट्रीटवर नेलं. तिथे एका ओळीत अशी कितीतरी दुकानं, कुठलं हृदयरोगाच्या संशोधनासाठी, कुठलं म्हाताऱ्यांसाठी, कुठलं बेवारशी मांजरांसाठी. निळा लोकरीचा कोट बारा पौंडांना मिळाला. घरी आणून घातला, खिशात हात घातला, तर इस्त्री केलेला हातरुमाल निघाला, कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने 'जे' काढलेला, आणि कागदात गुंडाळलेली खोकल्याची एक गोळी. मी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. आपल्याकडे उतरलेलं घालायला हरकत नसते. ताईचा फ्रॉक मी घातला, माझा मामेबहिणीने. पण ते ओळखीच्या अंगावरून उतरलेलं असतं. ही 'जे' कोण? आहे का अजून? माणूस गेला की त्याचे कपडे कोणाला तरी देऊन टाकायचे, घरात ठेवायचे नाहीत, अशा घरात वाढलेली मी, आणि आता देऊन टाकलेले कपडे जिथे जातात त्या टोकाला उभी होते. आईला फोनवर कोट घेतला एवढंच सांगितलं. पुढे ती इथे आली, तिने कोटाचं अस्तर चाचपलं, बटणं पाहिली आणि म्हणाली, "शिवण हातची आहे. नवा नाही हा." मग खरं सांगावं लागलं. आठवडाभर ती त्या दुकानांना 'धर्माचं दुकान' म्हणत होती, नाक मुरडून. दुसऱ्या आठवड्यात तिथूनच दोन पौंडांची काचेची बरणी घेऊन आली. झाकणाला टवका होता. मी तो दाखवला तर म्हणाली, "धर्माची गाय आणि दात का नाय!"

आता बारा वर्षांनी मला दार उघडल्यावरच्या वासावरून सांगता येतं, आज माल नवा आहे की जुना. मागच्या खोलीत वाफेची इस्त्री चालू असते, तिचा ओलसर वास, त्यात जुन्या पुस्तकांचा, कोणाच्या तरी लॅव्हेंडरच्या पुरचुंडीचा. सोमवार-मंगळवार चांगला, कारण शनिवार-रविवारी लोक माळे आवरतात आणि सोमवारी पिशव्या आणून टाकतात. जानेवारी उत्तम, नाताळात मिळालेल्या नकोशा भेटी तेव्हा चिठ्ठीसकट येतात. कपड्यावर 'सेंट मायकेल'चं लेबल दिसलं की तो मार्क्स अँड स्पेन्सरचा, आणि २००० सालाच्या आधीचा. त्यांनी ते नाव तेव्हा बंद केलं. जुनी शिवण, खरी लोकर, घ्यावा. जिगसॉच्या खोक्यावर कधी कधी चिठ्ठी असते, 'एक तुकडा कमी, आकाशातला'. म्हणजे हजार तुकड्यांचं ते चित्र कोणीतरी बसून पूर्ण लावून पाहिलं, आणि मगच दीड पौंडाला ठेवलं. अशा चिठ्ठीसाठी मी ते कोडं विकत घेते. गल्ल्यावर बहुतेक निवृत्त मंडळी. शनिवारी सोळा-सतरा वर्षांची पोरं, 'ड्यूक ऑफ एडिनबरा अवॉर्ड'साठी सेवेचे तास भरणारी. त्यांना कपबशी कागदात गुंडाळता येत नाही, पण गुंडाळतात मन लावून. आणि श्रीमंत म्हाताऱ्यांच्या गावी जावं, हा या छंदातला पहिला धडा. मॉल्व्हर्न त्याच यादीतलं.

एकच गोष्ट मला सुरुवातीला जड गेली. इथे घासाघीस नाही. मंडईत वाढलेल्या बाईला चिठ्ठीवरची किंमत म्हणजे बोलण्याची सुरुवात वाटते. पहिल्यांदा मी एका दिव्यासाठी "चारला द्या की" असं म्हणून बसले, तर गल्ल्यावरच्या बाई इतक्या कावऱ्याबावऱ्या झाल्या की मीच सहा देऊन बाहेर पडले. आजाऱ्याच्या ताटातला घास मागितल्यासारखं झालं ते. पुढे कळत गेलं की घासाघीस इथेही आहे, फक्त ती मुकी आहे आणि एकाच बाजूने चालते. किंमत घालणाऱ्याला जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक असलं, की आपण जिंकलो. जुन्या बाजारात निदान दोघंही एकमेकांना फसवायला बसलेले असतात. इथे समोरचा बसलेलाच नसतो.

ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर ऑक्सफॅमचं सगळ्यात जुनं दुकान आहे, १९४७ सालचं. युद्धकाळात ग्रीसमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा मदतीसाठी १९४२ मध्ये जी समिती निघाली तिचं हे दुकान. लोकांनी इतकं सामान आणून टाकलं की ते विकायला जागा लागली, अशी त्याची जन्मकथा. मी तिथून एक चहागाळणी घेतली, तीर्थक्षेत्री गेल्यावर काहीतरी घ्यावं म्हणून. आता अशी दुकानं देशभरात १० हजारांच्या वर आहेत. देणारा इथे कर भरत असेल तर त्याच्या पिशवीवर एक चिकटपट्टी लावतात, आणि मालाच्या विक्रीतल्या प्रत्येक पौंडामागे सरकारकडून संस्थेला आणखी २५ पेन्स मिळतात. काही महिन्यांनी पत्रही येतं, तुमच्या वस्तूंचे अमुक इतके झाले. मुलीची सायकल, माझी दोन जोडी बूट आणि रुखवतातली कधी न वापरलेली चादर, मिळून साडेअठरा पौंड. चादर गेली कितीला, ते त्यात नव्हतं. मला तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

जे विकलं जात नाही ते पोत्यात भरून किलोवर जातं. त्यातलं बरंच देशाबाहेर. लोकरीचे स्वेटर तर थेट आपल्या पानिपतला जातात. ते पुन्हा कोणी अंगात घालू नयेत म्हणून कापून, चिरून पाठवलेले. तिथे बायका त्यांची बटणं काढतात, रंगांचे ढीग लावतात, मग त्यांचा धागा आणि धाग्याची स्वस्त घोंगडी. मराठी माणसाला पानिपत म्हटलं की जे आठवायचं ते आठवतंच. पण आता मॉल्व्हर्नच्या एखाद्या मेजरसाहेबांचा हिरवा पुलओव्हर हातात आला की मी मनात म्हणते, बाबा रे, कोणी घेतलं नाही तर तुझंही पानिपत आहे.

दुकानं हे शनिवारचं खरं निमित्त. घरात त्याला 'फिरायला जाणं' म्हणतात, कारण नवऱ्याला डोंगर लागतो. सकाळी थालीपिठं करायची, दह्याचा डबा, थर्मासमध्ये आल्याचा चहा, आणि बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट स्टेशनाहून हेरिफर्डची गाडी. ग्रेट मॉल्व्हर्नच्या स्टेशनावर लोखंडी खांबांच्या माथ्यावर पानाफुलांचे झुबके आहेत, प्रत्येक झुबका वेगळ्या रंगात रंगवलेला. आपल्याकडच्या एखाद्या देवळाच्या सभामंडपात शोभावेत. गावातून वर चढायला नव्व्याण्णव पायऱ्या आहेत. शंभरावी का नाही, हे दर वेळी मी विचारते आणि दर वेळी तो "तुझ्यासाठी सोडली" म्हणतो. वर सेंट अ‍ॅन्सच्या झऱ्याचं पाणी प्यायचं, त्याच्याही वर ४२५ मीटरवर वूस्टरशर बीकनच्या माथ्यावर वाऱ्याला पाठ देऊन थालीपीठ खायचं. एका बाजूला सेव्हर्न नदीचं सपाट खोरं, दुसऱ्या बाजूला वेल्सपर्यंत डोंगरांच्या निळ्या घड्या. सुंदर असतं सगळं. मी मात्र घड्याळ बघत असते, कारण दुकानं साडेचारला बंद होतात.

याच नादात एकदा हे-ऑन-वायला गेलो होतो. वेल्सच्या सीमेवरचं पुस्तकांचं गाव. तिथल्या जुन्या पुस्तकांच्या एका व्यापाऱ्याने, रिचर्ड बूथने, १ एप्रिल १९७७ ला स्वतःला त्या गावाचा राजा म्हणून जाहीर केलं होतं. तारखेवरून काय ते समजावं. किल्ल्याच्या आवारात उघड्यावर पुस्तकांची फडताळं होती, ना छप्पर ना माणूस. एक पेटी, तिला फट, पैसे त्यात टाका आणि पुस्तक न्या. पाऊस भुरभुरत होता. मी पावसाने फुगलेलं एक बागकामाचं पुस्तक घेतलं आणि माझ्याकडे सुटे नव्हते म्हणून लागत होते त्याच्या दुप्पट टाकले. बघायला कोणीही नव्हतं. त्या दिवशी स्वतःबद्दल फार बरं वाटलं होतं, हे या चमच्याच्या निमित्ताने आठवलं आणि थोडा रागच आला. पेटीपुढे मी एवढी सज्जन, आणि हसून बोलणाऱ्या माणसापुढे मूग गिळून गप्प.

खरी टोचणी मात्र वेगळीकडची होती, आणि ती मला आठवडाभराने, भांडी घासताना कळली. सांगलीला आमच्या गावभागातल्या घरी एक बोहारीण यायची. डोक्यावर पाटी, पाटीत चकचकीत स्टील, खांद्यावर गाठोडं, आणि गल्लीच्या तोंडाशीच हाळी, "भांडीऽऽऽ!" दुपारची वेळ साधून यायची, पुरुष घरात नसताना. ओट्यावर तास तास बैठक चालायची. बाबांच्या टेरिकॉटच्या पँटी ती उन्हाकडे धरून बघायची, बुडाला विरल्या आहेत का. आई म्हणायची, दोन पँटी आणि एक साडी, पातेलं दे. ती म्हणायची, पातेलं नाही, वाटी घ्या. मग ती गाठोडं बांधायचं नाटक करायची, आई आत जायचं नाटक करायची. आम्ही पोरं दारात बसून हे बघायचो. शेवटी पातेलं यायचं, वर एक चहाची गाळणी. त्या बैठकीत आई कधी हरल्याचं मला आठवत नाही.

एकदा सोडून. आजी गेल्यानंतर तिच्या ट्रंकेत तिचा लग्नातला शालू निघाला. घडीवर घडी राहून चिरलेला, हात लावला की रेशमाचा भुगा व्हायचा. जर काळी पडलेली. आईने तो बोहारणीपुढे टाकला, आणि पहिल्यांदाच बोहारणीने घासाघीस केली नाही. पाच लिटरचा, कडीचा, जाड स्टीलचा डबा काढून ठेवला आणि शालू गाठोड्यात घातला. आई खुशीत. संध्याकाळी शेजारच्या काकूंनी कपाळाला हात लावला. "अगं, खरी जर होती ती! चांदीची. वजनावर घेतात, जाळून चांदी काढतात. काळी पडली म्हणूनच ओळखायची!" आई काही बोलली नाही. डब्यात तांदूळ भरले. आजही त्या डब्याला आमच्याकडे 'शालूचा डबा' म्हणतात, आणि तो घासताना आई एकदा तरी म्हणते, "तिला माहीत होतं. हातात घेतला तेव्हाच तिच्या तोंडावर दिसलं होतं मला. फक्त काय दिसलं ते कळलं नाही."

चमचा हातात घेतल्यावर माझ्या तोंडावर काय दिसलं असेल? आजोबांचा चष्मा कपाळावर होता, तेवढं बरं.

आईला फोनवर सगळं सांगितलं. वाटलं, ती तरी रागावेल आणि प्रकरण मिटेल. तिने आधी चमच्याचं वजन विचारलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून ठेवलंच होतं, १८ ग्रॅम. मग म्हणाली, "परत देऊन ये. चोराच्या मनात चांदणं, तुझ्या तर हातात चांदीच आहे." मी विचारलं, "आणि बोहारीण जर शालू घेऊन परत आली असती, तर तू डबा दिला असतास?" पलीकडे थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. "डबा कशाला देईन? चांगला जाड आहे."

डिसेंबरात पुन्हा गेलो. डोंगरावर धुकं होतं, नव्व्याण्णव पायऱ्यांतल्या निम्म्या दिसत नव्हत्या, नवरा एकटाच वर गेला. दुकानात ते आजोबा नव्हते. गल्ल्यावर एक शाळकरी मुलगी, नखांना काळा रंग. मी टिश्यू उलगडला, ठसे दाखवले, टोपली दाखवली. तिला काहीच समजेना; तिला वाटलं मला चमचा बदलून हवाय. तिने मागे जाऊन मॅनेजरबाईंना आणलं, त्यांच्या केसांना वाफ लागलेली. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, भुवया वर गेल्या. म्हणाल्या, "तुम्ही घेतला तेव्हाच तुम्हाला कळलं होतं?" इतका सरळ प्रश्न मला अपेक्षित नव्हता. मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली, कौतुक नाही, राग नाही, विजेचं बिल वाचावं तशी. मग पेन काढलं आणि एका चिठ्ठीवर १५ लिहिलं, चमच्याला दोऱ्याने बांधलं आणि तो काचेच्या कपाटात, ब्रोच आणि घड्याळांशेजारी ठेवायला निघाल्या.

आणि मला तो देववेना. महिनाभर माझ्या साखरेच्या डब्यात होता तो. काळेपणा मी रांगोळीच्या भुकटीने काढला होता, 'एम' आता स्वच्छ वाचता येत होतं. मी कपाटाकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, द्या, मी घेते. मुलीने १५ पौंड घेतले, चमचा पुन्हा टिश्यूत गुंडाळला, वाकडातिकडा. आधीचे पन्नास पेन्स वजा करायचे कोणालाच सुचलं नाही. मला सुचलं होतं.

नवरा स्टेशनावर भेटला, मफलरवर धुक्याचे थेंब. सगळं ऐकून त्याने हिशोब केला, "म्हणजे साडेपंधराला पडला. दुकानात नवा कितीला मिळतो?" मी उत्तर दिलं नाही. निघण्याआधी मी टोपलीत पुन्हा हात घातला होता, हे त्याला सांगायची गरज नव्हती. सात चमचे उलटून पाहिले. सगळे ई.पी.एन.एस.